दाब, धर, सोड

माय, तुझी गाडी मी पुन्हा चालू केली. बाबा होते तोवर ती गावात फिरत होती. ते गेले आणि ती गोठ्याशेजारच्या टिनाखाली जी उभी राहिली, ती उभीच राहिली. यंदा उन्हाळ्यात मी ती दुसऱ्या गाडीवर लादून वर्ध्याला माझ्या घरी आणली. तुझ्या जावयांनी फाटक उघडलं, एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि विचारलं, "हे इथं ठेवायचं हाये, की इथंच पुरायचं हाये?" त्यांचं चुकलं नव्हतं. टायर बसले होते. उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा इतका सडला होता की आत बसलं की खालची माती दिसायची. बाबांनी एकेकाळी हिरवा रंग मारला होता तो कुठे कुठे खपलीसारखा उरला होता, बाकी सगळा गंज.

हे घर तू पाहिलेलं नाहीस. सावंगीच्या बाजूला, गावाच्या कडेला, आम्ही नंतर बांधलं. आजूबाजूला सगळ्यांनी वर खोल्या काढून दवाखान्यात शिकणाऱ्या पोरापोरींना भाड्यानं दिल्यात. त्या पोरी सकाळी स्कूटीवरून जाताना आमच्या अंगणात पाहायच्या, तर पिकअपखालून दोन पाय बाहेर आलेले, पायात जोडवी. एक जण तर घाबरून थांबली होती. तिला वाटलं, कोणी बाई गाडीखाली आली. मी खालून म्हटलं, "जिवंत हाओ बाई, जाय तू." जन्मभर शाळेत शिकवून माझी भाषा पुस्तकी झाली, लिहायला बसले की हात दुसरं वळण घेत नाही. पण गाडीखाली गेलं की आपोआप तुझीच भाषा तोंडात येते.

गाडी पहिल्यांदा घरी आली तेव्हा तुला ती डोळ्यांसमोर नको होती, हे मला नीट आठवतं. बाबांनी जुनीच घेतली होती, कोणाची तरी वापरून थकलेली. गावातला भाजीपाला समुद्रपूरच्या बाजाराला न्यायचा, हंगामात कापसाची बोंदरी, मोठाली गाठोडी, न्यायची, कोणाच्या लग्नाचं वऱ्हाड न्यायचं, असा त्यांचा बेत. आणि जुनी गाडी म्हणजे दर आठ-पंधरा दिवसांनी काही ना काही. गॅरेज दूर, म्हणून सगळं अंगणात. तुझी कणीक मळायची परात एकदा बाबांनी न विचारता नेली आणि तिच्यात राकेल ओतून बेअरिंगा धुतल्या. तू स्वयंपाकाला बसलीस, परात शोधलीस, आणि बाहेर येऊन पाहिलंस. मला वाटलं आता भांडण होणार. तू परात उचललीस, राकेल बेअरिंगांसकट अंगणात उलटं केलंस आणि म्हणालीस, "आता येच्यातच जेवा." बाबा मातीत एक एक छर्रा शोधत बसले होते. त्या परातीला नंतर कितीही राख लावली तरी वास गेला नाही. शेवटी तू ती गाडीलाच देऊन टाकलीस.

मग तो बाजाराचा दिवस. मी तो कधी लिहून काढला नव्हता, आज लिहिते. परतीची वेळ आहे, ऊन उतरलं आहे. मागे फाळक्याच्या, म्हणजे बाजूच्या लोखंडी पत्र्यांच्या, आत गावातल्या बाया रिकाम्या टोपल्या घेऊन बसल्या आहेत, तू आणि मी त्यांच्यात. पुढे बाबांजवळ शेजारची म्हातारी, तिला मागे चढवत नाही म्हणून. आणि भाऊ, तेव्हा दुसरी-तिसरीत असेल, केबिनच्या मागच्या लोखंडी दांड्याला धरून उभा आहे, कारण तिथे तोंडावर वारा लागतो. तू त्याला दोनदा म्हणालीस, "खाली बस रे." तो एकदा बसला आणि पुन्हा उभा राहिला. नाल्याच्या आधी तो उतार लागतो, आणि उताराच्या तळाशी वळून रपटा, नाल्यावरचा बुटका पूल. गाडीचा वेग कमी व्हायच्या जागी वाढला. बाया हसत होत्या, त्या हसतच राहिल्या, कारण कोणाला काही कळलंच नव्हतं. मला फक्त काचेतून बाबांचा खांदा वरखाली होताना दिसला. ते ब्रेकचं पॅडल मारत होते, आणि पॅडल रिकामं जात होतं. रपट्यापलीकडून बैलबंडी येत होती. बाबांनी गाडी वळवून शेतात घातली, धुऱ्याच्या उंचवट्यावर चढवली, आणि तिथे रचून ठेवलेल्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांच्या ढिगात ती तिरपी होऊन थांबली.

आम्ही सगळ्या एकमेकींवर पडलो. खरचटलं, टोपल्या फुटल्या, एवढंच. भाऊ मात्र बाहेर फेकला गेला होता आणि त्याचा पाय फाळक्याखाली आला होता. बायांनी गाडी उचलली. त्या दिवशी मी पाहिलं की बाया गाडी उचलू शकतात. तू त्याला ओढून काढलंस आणि ओरडत होता तसाच मांडीवर घेतलंस. बाबा आले, हात पुढे केले. तू त्यांचे हात बाजूला सारलेस.

पाय वाचला. वर्ध्याला प्लास्टर झालं, मामाकडे त्याला बरेच दिवस ठेवावं लागलं, तू तिकडून इकडे, इकडून तिकडे करत राहिलीस. हाड जुळलं, पण पाय जरा आखूड राहिला. आणि तू बाबांशी बोलणं बंद केलंस. लोकांना वाटलं, नशिबाचा खेळ, गाडीचे ब्रेक गेले, कोण काय करणार. पण तुला माहीत होतं आणि मलाही. बाबा रोज सकाळी ब्रेकच्या डब्यात तेल टाकायचे. आपण दोघींनी पाहिलं होतं. तू विचारलंही होतंस, "काऊन टाकता रोज?" आणि बाबा म्हणाले होते, "पिऊन राह्यली थे. जुनी हाये, पेतेच." तेल कुठे जातं ते कोणी वाकून पाहिलं नव्हतं. ते मागच्या चाकातून गळत होतं, आतलं रबर फाटलं होतं, आणि त्या दिवशी ते पुरतं गेलं.

त्या दिवसांत तुमच्या दोघांच्या मधली खिडकी मी होते. "तुह्या बाबाले सांग, पानी तापलं." बाबा दोन हातांवर बसलेले. "तुह्या मायले सांग, आयकू आलं." मी अभ्यासाचं पुस्तक उघडून तुमचे निरोप इकडचे तिकडे करायचे. जेवायला वाढताना तू बाबांच्या ताटात कधी काही कमी केलं नाहीस. पोळी गरमच वाढायचीस. पण त्यांच्या चेहऱ्याकडे न पाहता. बाबा झुरत चालले होते. त्यांनी गाडीला हात लावणं सोडलं. ती धुऱ्यावरून ओढून आणली होती तशीच, एका बाजूनं चेपलेली, अंगणात पडून होती. शेवटी त्यांनी ती विकायचं ठरवलं आणि एक गिऱ्हाईक आलं.

भाऊ तेव्हा मामाकडेच होता. घरात आपण तिघंच. गिऱ्हाईक म्हणजे चांगला जाडजूड, हसरा माणूस, बसल्या बसल्या त्यानं हो म्हटलं होतं. तू चहा घेऊन बाहेर आलीस. कप ठेवलेस आणि आत जायच्या जागी उभी राहिलीस. परक्या माणसासमोर तू कधी अशी उभी राहत नव्हतीस. त्या माणसाला सरळ म्हणालीस, "हिचे ब्रेक लागत नाईत."

तो म्हणाला, "मालूम हाये वहिनी. करून घेईन मी."

"कधी?"

"घरी नेतो, मंग पाह्यतो."

"म्हंजे घरी जायपरेंत तशीच नेता."

तो हसला. "पह्यल्या गेरात नेतो ना हळूहळू. काई होत नाई."

मग तू बाबांकडे वळलीस. किती दिवसांनी तू त्यांच्याकडे पाहिलं होतंस. आणि म्हणालीस, "इकू नोका. दुसऱ्या कोनाच्या लेकराचा पाय मोडन. आंधी नीट करा."

बाबांनी मान खाली घातली. गिऱ्हाइकानं चहा पूर्ण प्यायला, उठताना म्हणाला, "घरात बाईमानसाचं चालते वाटते," आणि गेला. बाबा त्याच्यामागे फाटकापर्यंतही गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाबांनी समुद्रपूरहून रबरं आणि तेल आणलं. चाकं काढली, ड्रम काढले, जुनी रबरं काढून तुला दाखवली. दाखवली म्हणजे तुझ्यासमोर ओट्यावर आणून ठेवली. तू एक उचललंस, बोटानं फाटलेली कड चाचपलीस, आणि परत ठेवलंस. नवी रबरं बसवून झाली, पण नळीत हवा राहते ती काढावी लागते, आणि ते एकट्याचं काम नाही. एकानं वर बसून पॅडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाजवळ पडून नट किंचित उघडायचा, हवेचे बुडबुडे निघू द्यायचे, नट बंद झाला की मगच वरच्यानं पाय सोडायचा. मी पुढे झाले. तू मला हातानं मागे केलंस, लुगडं खोचलंस, आणि ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसलीस. तू त्या जागेवर पहिल्यांदाच बसत होतीस. पाय पॅडलला पुरेना, म्हणून पाठीमागे उशी घेतलीस.

खालून बाबांचा आवाज आला, "दाब." तू दाबलंस. "धर." तू धरलंस. खाली तेलाची पिचकारी उडाल्याचा आवाज. "सोड." पुन्हा दाब, धर, सोड. मागचं डावं चाक, मागचं उजवं, मग पुढची. सगळी दुपार. मी अंगणात तेलाची बाटली धरून उभी, आणि दोन माणसं, जी एका घरात राहून बोलत नव्हती, ती याच तीन शब्दांवर चालली होती. तू आधी नुसतीच पाय हलवत होतीस. मग दुसऱ्या चाकाला कधीतरी तू उत्तर द्यायला लागलीस. "दाबली." "धरली." मग तू स्वतःच म्हणालीस, "आता कडक लागून राह्यली." बाबा खालून म्हणाले, "लागनच." शेवटच्या चाकाचा नट बंद झाला, बाबांनी "सोड" म्हटलं, आणि ते तिथेच पडून राहिले, बाहेर आले नाहीत. थोड्या वेळानं खालून विचारलं, "जेवली काय?" तू स्टिअरिंगकडे पाहत म्हणालीस, "नाई." मग खाली उतरलीस आणि तिघांची ताटं घेतलीस.

तू त्यांना माफ केलंस असं मला वाटत नाही. तसं तू कधी म्हणाली नाहीस. तू फक्त इतकं केलंस की त्यानंतर त्या गाडीचे ब्रेक तू पाहिल्याशिवाय ती फाटकाबाहेर गेली नाही. बाजाराच्या आदल्या दिवशी तू चारही चाकांच्या आतून हात फिरवायचीस, बोटं नाकाजवळ नेऊन तेलाचा वास येतो का बघायचीस. पॅडल दाबून धरायचीस आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचीस. मला वाटायचं आकडे मोजते. नंतर कळलं, तू आरती म्हणायचीस. आरती संपेपर्यंत पॅडल आणखी खाली गेलं नाही तर गाडी जायला मोकळी. बाबा एकदा म्हणाले, "अवं, इतकी लंबी आरती नोको म्हनू, उशीर होते." तू म्हणालीस, "मंग सकायी लवकर उठत जा."

मग ग्रीस मारणं आलं, मग ऑइल बदलणं, फिल्टर धुणं. बाबांच्या कमरेला खाली पडवेना तेव्हा तू आत शिरायला लागलीस आणि मला सोबत ओढलंस. गावातल्या बायांनी नावं ठेवली, मग त्यांच्याच घरच्या गाड्या बिघडल्या की निरोप यायला लागले. पण मला वेगळंच आठवतं. गाडीखाली तू माझ्याशी बोलायचीस. स्वयंपाकघरात तू कामाचंच बोलायचीस, शेतात तर तेही नाही. पण खाली, दोघी पाठीवर पडलेल्या, दोघींची तोंडं वर, एकमेकींचा चेहरा दिसत नाही, तेव्हा तू काय काय सांगायचीस. माझ्या आधी तुला एक मुलगी झाली होती आणि ती राहिली नाही, हे मला इंजिनाच्या तळाचा बोल्ट उघडताना कळलं. तुला शिलाई शिकायची होती. बाबांशी लग्न ठरलं तेव्हा तू रुसून दोन दिवस मामाच्या मळ्यात जाऊन बसली होतीस. काळं ऑइल धार धरून परातीत पडत असायचं आणि तू सांगत असायचीस. ऑइल निथळून संपलं की तू पण संपायचीस. "चाल, बोल्ट लाव," म्हणायचीस.

आणि तो मार. मी कॉलेजात होते, शहाणी झाले होते. तू घरात होतीस, मला वाटलं गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस मारून टाकू, मायला बरं वाटेल. जॅक लावला, गाडी उचलली आणि आत शिरले. अर्ध्या मिनिटात कोणीतरी माझी वेणी धरून मला बाहेर ओढलं. तू मला थोबाडीत मारलीस. त्याआधीही कधी मारलं नव्हतं, त्यानंतरही नाही. "जॅकच्या भरवशावर खाली गेली काय वं? ठोकळे कोठी हायेत?" मी रडत होते, गालावर हात धरून. तू माझ्यासमोर लाकडी ठोकळे आणलेस, चेसिसखाली लावलेस, गाडी हलवून पाहिलीस, आणि मग म्हणालीस, "आता जाय." मला जायचं नव्हतं. तू म्हणालीस, "नाई, आता जायच. नाईतं भेव बसन." मी गेले. तू माझ्या शेजारी आलीस. ग्रीसची पिचकारी तू माझ्याच हातात दिलीस.

माझ्या लग्नाच्या रुखवतात तू जे मांडलं होतंस त्यावरून वरपक्षात किती दिवस हसणं चाललं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. पापड, कुरडया, शेवया, मण्यांचं तोरण, आणि मध्यभागी खाकी कापडात शिवलेल्या खिशांमधून लहान ते मोठे पाने, एका रांगेत, घासूनपुसून चमकवलेले. कापड तूच शिवलं होतंस. शिलाई तेवढी तू स्वतःच शिकलीस. माझ्या सासूबाईंनी विचारलं, "हे कायचं म्हनायचं?" तू सरळ म्हणालीस, "कोनाची वाट पाह्यत नोको बसू द्या तिले." वरातीतल्या पोरांनी त्यावर नकला केल्या. मला तेव्हा लाजेनं जमिनीत जावंसं वाटत होतं. त्या पान्यांनीच मी सासरचा हातपंप दुरुस्त केला, यांची स्कूटर दुरुस्त केली, शाळेतले बाक पक्के केले, आणि यंदा ही गाडी. एकही पाना हरवलेला नाही.

तुला सावंगीच्या दवाखान्यात नेलं ते याच गाडीतून. मी दोन दिवसांसाठी माहेरी आले होते. तुझ्या पोटातलं दुखणं बरंच पुढे गेलं होतं, पण तू मागे गादी टाकून झोपायला नकार दिलास. "मी काय कापूस हाओ काय?" म्हणालीस. पुढे बसलीस, मी मधे, बाबा चालवत. बाबांच्या डोळ्यांतून पाणी जात होतं, ते पुसत पुसत चालवत होते. तू खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले होतेस. मला वाटलं झोप लागली. आणि तू डोळे न उघडता म्हणालीस, "क्लचवर पाय काऊन ठेवून राह्यले? प्लेट जळन ना." बाबांनी पाय काढला. दवाखान्यात तू नंतर बरेच दिवस होतीस, बोललीस पण असशील, पण मला तुझं म्हणून शेवटचं जे ऐकू येतं ते हेच. बाबा त्यानंतर इतकी वर्षं जगले. क्लचवर त्यांनी पुन्हा पाय ठेवला नाही. आरती मात्र त्यांना पाठ नव्हती, ते नुसतंच पॅडल दाबून डोळे मिटून बसायचे.

बाबा गेल्यावर भाऊ म्हणाला, भंगारवाल्याला बोलावतो. तो नागपूरला असतो, हे तुला माहीतच आहे, त्याची नोकरी तू पाहिली होतीस. त्याचं चांगलं चाललं आहे. थंडीत पाय दुखतो, बुटाला आतून जाड पट्टी लावावी लागते, पण तो कोणाला सांगत नाही. मी फोनवर म्हटलं, गाडी मला दे. तो म्हणाला, "ताई, त्या गाडीनं माहा पाय घेतला. आन तुले थे अंगनात पायजे?" मी म्हटलं, मायची आहे ती. तेव्हा तो जे बोलला ते त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बोलून दाखवलं. "मायचीच हाये. मी मामाकडे पाय बांधून पडलोतो, आन मायनं त्याच गाडीले नवे ब्रेक बसवले. मी घरी आलो तं माय ड्रायवरच्या सीटवर बसून होती. हासत होती. मले वाटलं, हिले माह्या पायाचं काईच नाई." आणि त्यानं फोन ठेवला.

आम्ही काही महिने बोललो नाही. गाडी मी आणली, त्यानं अडवलं नाही, पण विचारलंही नाही. मी कामाला लागले. वायरिंगवाला घरी आला, पत्रा जोडायला वेल्डिंगवाला आला, बाकी सगळं मी. टाकीत इतका गाळ होता की ती तीनदा धुवावी लागली. ब्रेकची सगळीच रबरं लाकडासारखी झाली होती, नळ्या सडल्या होत्या, त्या नव्या आणल्या. हवा काढायला तुझ्या जावयांना वर बसवलं. त्यांना वाटलं हे काय, एक पाय तर हलवायचा. दुसऱ्या चाकालाच म्हणाले, "घुटना गेला माह्यावाला." मी खालून म्हटलं, "धरून ठेवा, सोडू नका," आणि त्यांनी धरून ठेवलं, कुरकुर करत. निवृत्त झाल्यापासून ते दिवसभर खुर्चीत बसून असायचे, मोबाइलमध्ये. त्या दिवसापासून सकाळी चहा झाला की विचारायला लागले, "आज काय खोलायचं?" इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा धुरानं अख्खी गल्ली भरली, वरच्या खोल्यांतली पोरं गॅलरीत आली, आणि हे असे हात उंच करून उभे होते जणू यांनीच ते जन्माला घातलं. पासिंगही झालं. आरटीओच्या साहेबानं खाली वाकून पाहिलं आणि पत्र्यावर टकटक केलं, बाकी काही म्हणाला नाही.

भाऊबीजेला तो येईल की नाही, मला खात्री नव्हती. आला. एकटाच आला, सकाळच्या गाडीनं. फाटकातून आत येताना त्याला गाडी दिसली आणि तो थांबला. मी ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी. तो आत आला नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, हळू, पाय ओढत, एका बाजूच्या फाळक्यावर हात ठेवून. मग विचारलं, "ब्रेक कोनं केले?"

"मी."

त्यानं दार उघडलं, चढून बसला, आणि तो आखूड पाय पॅडलवर ठेवून दाबला. दाबून धरला. मी ताट घेऊन तशीच उभी होते, निरांजन वाऱ्यानं विझलं. आणि मग मी तिथेच, अंगणात, त्याला ते गिऱ्हाईक सांगितलं. चहाचे कप सांगितले. तू त्या माणसाला "कधी" म्हणून विचारलंस ते सांगितलं. आणि तुझं वाक्य तुझ्याच शब्दांत सांगितलं, इकू नोका, दुसऱ्या कोनाच्या लेकराचा पाय मोडन, आंधी नीट करा. मला वाटत होतं त्याला हे माहीत आहे. घरातली गोष्ट, घरातल्या सगळ्यांना माहीत असते, असं मी धरून चालले होते. त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. तू नाही, बाबांनी नाही, मी नाही.

तो समोरच्या काचेतून बघत राहिला. काच पुसायची राहिली होती. "म्हंजे थे माह्या पायाचंच होतं," म्हणाला. मग तो म्हणाला, "मायले इच्यारता आलं असतं ना मले. मी बी इच्यारलं नाई." आणि मोठा माणूस, केस पिकलेला, त्या सीटवर बसून असा रडला, की माझे हे खुर्ची घेऊन घरात गेले आणि दार लावून घेतलं. मी वात पुन्हा पेटवली आणि त्याला तिथेच, सीटवर बसलेला असतानाच ओवाळलं. हात वर करून करून माझे खांदे दुखले.

जेवण झाल्यावर तो म्हणाला चाबी दे. आम्ही सावंगीच्या रस्त्यानं गेलो, पुढच्या चौकातून वळून आलो. तो चांगली चालवतो. क्लचवर पाय ठेवत नाही, ते त्याला कोणी शिकवलं कोण जाणे. परत आल्यावर गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून तो म्हणाला, "ताई, पुढच्या महिन्यात येतो. हिले मी नागपूरले नेतो. माह्या घरापुढे जागा हाये. तुले आता या वयात खाली घुसनं बरं नाई." इतक्या वर्षांनी त्यानं मला काही मागितलं होतं. आणि मागितली तर ही गाडी. मी त्याला म्हटलं, "नेजो. पण ब्रेक आताच बांधले आहेत, अजून घासून नीट बसायचे आहेत, इतक्या लांब नेऊ नको. थोडे दिवस जाऊ दे."

तो हो म्हणाला. त्याला पटलं. आता दर रविवारी फोन करतो, पाच-दहा मिनिटं बोलतो, पोरांचं, पायाचं, आणि शेवटी विचारतो, ब्रेक बसले काय. मी म्हणते, अजून थोडे कच्चे वाटतात.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुला खरं लिहिते, माय. ब्रेक पहिल्याच दिवसापासून एकदम कडक आहेत.